वस्तीची पंगत, गावाला जेवण

एप्रिल लागला की वऱ्हाडात पारा चाळिशी ओलांडतो. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातलं केनवड घ्या, नाहीतर त्याच्या आसपासचं कोणतंही खेडं घ्या. या दिवसांत शेतात फारसं काम नसतं. तूर, हरभरा, गहू घरात आलेला असतो. हळद काढायची आणि शिजवायची मजुरी मिळाली तर मिळाली. सोयाबीनचा पैसा केव्हाच संपलेला असतो आणि जूनच्या पेरणीची काळजी तोंडावर असते. हातावर पोट असलेल्यांसाठी वर्षातला हा ओढग्रस्तीचा काळ. आणि नेमक्या याच दिवसांत बौद्ध वस्तीत वर्षातला सर्वांत मोठा सण येतो : १४ एप्रिल, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती.

अनेक घरांत दिवाळी होत नाही किंवा बेताचीच होते. नवे कपडे येतात ते जयंतीला. लेकी माहेरी येतात, पुण्या-मुंबईला गेलेली मुलं सुट्टी काढून परततात, घरं रंगतात, गोडधोड होतं. पण या सणाचं खरं वेगळेपण आणखी पुढे आहे. ज्या वस्तीत रोजच्या भाजीला तेल मोजून घालावं लागतं, ती वस्ती या दिवशी अख्ख्या गावाला जेवू घालते. हे बळ तिला कुठून येतं आणि ती हे का करते, ते समजून घेतलं तर गरिबांच्या सणाकडे बघण्याची आपली नजर बदलते.

भिंतीपासून सुरुवात

तयारी सुरू होते ती घरापासून. वर्षभरात मातीच्या भिंतींचे पोपडे निघालेले असतात. ते खरवडून, भेगा बुजवून घर पोतारलं जातं. विटांचं घर असेल तर चुना. चुन्याच्या बादलीत कापडाच्या पुरचुंडीत बांधलेली नीळ बुडवून दोन-तीनदा फिरवली की पांढऱ्याला हलकी निळसर झाक चढते. जास्त पडली तर भिंत डागाळते, म्हणून हे काम घरातली जाणती बाई स्वतःच्या हातानं करते. ज्यांना जमतं ते दाराच्या चौकटीला निळा ऑइलपेंट देतात. अंगणात सडा पडतो, रांगोळी येते, दारावर निळा झेंडा आणि निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या, केशरी पट्ट्यांचा पंचशील ध्वज लागतो. पोरंटोरं या खांबापासून त्या खांबापर्यंत पताकांच्या दोऱ्या ताणतात. विहार किंवा समाज मंदिर धुऊन निघतं, पुतळ्याला नवा रंग चढतो.

चौदा तारखेला सकाळी सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहाराकडे निघते. बायकांच्या पांढऱ्या साड्यांमागे १९५६च्या नागपूरची आठवण आहे. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. खेड्यापाड्यांतून लोक रेल्वेनं, बैलगाडीनं, पायी नागपूरला गेले. कित्येकांनी भाड्यासाठी आणि पांढऱ्या लुगड्यासाठी अंगावरचं किडूकमिडूक मोडलं, नागपूरच्या दुकानांतलं पांढरं कापड संपून गेलं, असं जुनी माणसं सांगतात. त्रिसरण-पंचशील होतं, बुद्धवंदना होते आणि मग दिवस जातो तो जेवणाच्या आणि मिरवणुकीच्या गडबडीत.

वर्गणी कशी उभी राहते

एवढ्या खर्चाला पैसा कुठून येतो? त्याची व्यवस्था वस्तीनं पिढ्यान्‌पिढ्या घडवली आहे. मार्चमध्येच विहारात बैठक बसते आणि जयंती समिती निवडली जाते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदं बहुतेक तरुणांकडे जातात. घरामागे वर्गणी ठरते. नोकरीतला माणूस, म्हणजे शिक्षक, पोलीस, तलाठी, बँकेतला कर्मचारी, स्वतःहून जास्त टाकतो. कामासाठी पुणे, मुंबई, सुरतला गेलेले फोनवरून पैसे पाठवतात. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्यावर कोणी सक्ती करत नाही. तो मांडव घालायला येतो, टँकरमधून पाणी भरतो, रात्रभर लाकडं फोडतो. त्याचे श्रम हीच त्याची वर्गणी, आणि ती कमी प्रतीची मानली जात नाही.

वर्गणीची यादी माइकवरून वाचली जाते. कुणाचे पाच हजार एक, कुणाचे एकावन्न. वाचणारा सगळी नावं एकाच सुरात घेतो, आणि प्रत्येक नावाला टाळी पडते. या यादीत आपलं नाव यावं म्हणून कष्टकरी बाई वर्षभर भिशीत पैसे टाकते. दहा-वीस जणी दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली रक्कम जमा करतात आणि दर खेपेला एकीला सगळी रक्कम मिळते. काही जणी आपली पाळी मुद्दाम मार्च-एप्रिलला मागून घेतात. बँकेनं कर्ज नाकारलेल्या माणसाला भिशी एकरकमी पैसा देते, तोही बिनव्याजी आणि शेजारणीच्या विश्वासावर.

चुलवणापाशी

भोजनदानाची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते. मैदानाच्या कडेला लांबट चर खणून चुलवण तयार होतं, त्यावर मोठमोठे गंज आणि कढया चढतात. बेत ठरलेला : मसालेभात, आलू-वांग्याची भाजी, पुरी आणि गोडाला बुंदी किंवा खीर. वांगी टोपल्याच्या टोपल्या येतात. चिरलेली वांगी लगेच पाण्यात टाकायची, नाहीतर काळी पडतात, म्हणून पाण्यानं भरलेल्या टोपांभोवती बायकांचा गोल बसतो. एकीकडे सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडल्या जातात, दुसरीकडे लसूण सोलला जातो. पुरीच्या वेळी तर वीस-पंचवीस पोळपाट एका ओळीत लागतात. कणीक मळायला मात्र गडी माणसं, कारण एवढा मोठा उंडा मळायला खांद्यात जोर लागतो. मधूनच कोणीतरी भीमगीत धरतं आणि बाकीच्या जणी ओढून घेतात.

खिरीला बौद्ध परंपरेत खास मान आहे. कठोर उपवासानं खंगलेल्या सिद्धार्थाला सुजाता नावाच्या स्त्रीनं खीर दिली, त्यानंतर त्याला बोधगयेला ज्ञानप्राप्ती झाली, अशी कथा आहे. बुद्धपौर्णिमेला आणि जयंतीला खीरदान करणाऱ्या प्रत्येक बाईला ही कथा पाठ असते.

पंगतीला कोण बसतं? वस्तीतले तर असतातच. गावातले इतर समाजांचे लोक येतात, मुस्लीम शेजारी येतात, शेजारच्या खेड्यांतले पाहुणे येतात. बँडवाले, डीजेवाला, बंदोबस्तावरचे पोलीस, रस्त्यानं जाणारा अनोळखी वाटसरू, कोणालाच वगळलं जात नाही. “जेवल्याशिवाय जायचं नाही, बाप्पा,” म्हणत हाताला धरून बसवलं जातं. उन्हाच्या कडाक्यात मिरवणूक निघते तेव्हा अनेक गावांत इतर समाजांची मंडळं पाण्याचे जार आणि सरबत घेऊन रस्त्यावर उभी असतात. दिलेलं असं परत येतं, आणि त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

गावोगावच्या जयंत्या एकाच दिवशी होत नाहीत. चौदा तारखेला वंदना सगळीकडे होते, पण मिरवणूक आणि भोजनदान एप्रिलअखेरपर्यंत, कधी मे महिन्यातही चालतं. कारण व्यवहाराचं आहे : बंदोबस्त, वाजंत्री आणि गायन पार्टी सगळ्या गावांना एका दिवशी कशी पुरणार? पण त्यातून आपसूक एक सोय झाली आहे. आज या गावचे लोक त्या गावात पाहुणे, उद्या ते इथे. वामनदादा कर्डकांसारखे लोककवी आयुष्यभर असेच गावोगाव फिरले. कार्यक्रम वस्तीत, मुक्काम वस्तीत, जेवण कोणाच्याही घरी. भीमगीतं छापील पुस्तकांपेक्षा या पाहुणचारावर जास्त पसरली.

घेणारा हात, देणारा हात

या पंगतीचा अर्थ कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. जुन्या गावगाड्यात या वस्तीच्या पूर्वजांच्या, म्हणजे महारांच्या, वाट्याला गावकीची कामं होती. वेस राखायची, सांगावा न्यायचा, मेलेलं जनावर ओढायचं, सरकारी पाहुण्यांची सरबराई करायची. त्याच्या मोबदल्यात ठरलेली मजुरी नव्हती. सुगीला खळ्यावरचं बलुतं मिळायचं आणि रोज दारोदार फिरून भाकरी मागायची. सणावाराला गावात गोडधोड व्हायचं, त्यातलं उरलंसुरलं महारवाड्यात यायचं, तेही वरून, अंतर राखून टाकलेलं. दया पवारांच्या १९७८च्या ‘बलुतं’नं हे जगणं मराठी वाचकांसमोर ठेवलं. त्या जुन्या काळी वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हता, तिथले कायदे वेगळे होते, पण भाकरी मागण्याची रीत काही वेगळी नव्हती.

बाबासाहेबांनी घाव घातला तो नेमका इथे. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा. पुढच्याच वर्षी मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी गावकीची ही कामं बांधून देणाऱ्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. वतन म्हणजे पिढीजात हक्क नसून पिढीजात बेडी आहे, हे त्यांनी समाजाला पटवून दिलं. पोटाला चिमटा बसला तरी चालेल, पण मागून खायचं नाही, हा निर्धार घराघरांत झाला. तो सोपा नव्हता. मागणं सोडलं त्या दिवशी कित्येक चुली विझल्या असतील.

त्याच १९२८ साली १४ एप्रिलला जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली. मागणं सोडणं आणि आपला सण सुरू होणं, दोन्ही एकाच काळात घडलं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पंगतीच्या शेवटी, पंगतीबाहेर, उष्ट्याची वाट बघत उभं राहावं लागलं, त्यांची नातवंडं आज पंगत मांडतात, वाढतात आणि ज्यांच्या दारात कधीकाळी मागावं लागलं त्यांच्याही घरच्यांना मानानं बसवतात. मला या सणातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. उपकाराची परतफेड किंवा अपमानाचा सूड, असं काही त्यात नसतं. ‘आम्हीही देऊ शकतो’ हे ते कृतीतून सांगणं असतं.

दानाचा जुना वारसा

दान हे बौद्ध आचरणाचं पहिलं पाऊल आहे. दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये दहा पारमितांचं, म्हणजे सद्गुणांचं, पालन करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि त्या दहांतली पहिली पारमिता दानाची. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ला नागपुरातल्या भाषणात त्यांनी जमलेल्या गोरगरिबांना मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचं आवाहन केलं. विचार करा, समोर बसलेले बहुतेक लोक भूमिहीन मजूर आणि गिरणी कामगार होते. तरीही त्यांनी त्यांना केवळ घेणारे मानलं नाही. तुमच्याकडेही देण्यासारखं आहे, हा विश्वास त्या आवाहनात होता.

वाशीमच्या मातीला हे नवं नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात या शाखेचा राजा हरिषेण याच्या काळात अजिंठ्याची अनेक लेणी घडली. त्याचा मंत्री वराहदेव यानं १६ क्रमांकाचं लेणं भिक्षुसंघाला दान दिलं, आणि त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. शेजारच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात सर्वस्व दान करणाऱ्या वेस्संतर राजपुत्राची जातककथा चितारली आहे. अर्थात, लेणी फक्त राजे-मंत्र्यांनीच कोरवली असं नाही. कार्ले, कान्हेरी, कुडा इथल्या त्याहून जुन्या शिलालेखांत सुतार, लोहार, माळी, गंधी अशा कारागिरांची दानं नोंदली आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी दरवाजा, कोणी पाण्याचं टाकं. आपापल्या ऐपतीनं दिलेल्या छोट्या दानांतून मोठी वास्तू उभी करण्याची रीत महाराष्ट्रात दोन हजार वर्षं जुनी आहे. जयंतीच्या यादीतले एकावन्न रुपये त्याच परंपरेतले आहेत.

दूरच्या बेटांवरचा नाताळ

असंच चित्र जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर डिसेंबरमध्ये दिसतं. त्रिनिदादमधल्या साध्या वस्त्यांत नाताळच्या आधी घरं रंगतात, नवे पडदे लागतात. महिनोन्‌महिने रममध्ये मुरवलेल्या सुक्या मेव्याचा काळा केक भाजला जातो आणि त्याचे तुकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातात. परांग ही नाताळची गाणी गाणारे दारोदार फिरतात आणि प्रत्येक घर त्यांना खाऊपिऊ घालतं. जमैकात झाडांच्या बुंध्यांना आणि अंगणातल्या दगडांना चुना लागतो. लाल अंबाडीच्या बोंडांचं आलं घातलेलं सरबत हे तिथलं नाताळचं पेय आहे. वऱ्हाडातल्या बाईला ती बोंडं लगेच ओळखू येतील. खर्चासाठी पैसा उभा करण्याची त्यांची पद्धतही आपल्या भिशीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. जमैकात तिला पार्डनर म्हणतात, त्रिनिदादमध्ये सुसू.

या साम्यामागे इतिहास आहे. तिथल्या काळ्या लोकांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर गुलाम होते. वर्षातून नाताळचे मोजके दिवस त्यांना स्वतःचे असे मिळत. त्याच दिवसांत ते एकमेकांना भेटत, आपला बाजार भरवत, नाचत-गात आणि मनातलं बोलत. जमैकात २७ डिसेंबर १८३१ला, नाताळच्या सुट्टीतच, सॅम्युअल शार्प या गुलाम धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. हजारो गुलाम त्यात उतरले. उठाव चिरडला गेला आणि २३ मे १८३२ला शार्पला फाशी झाली. पण इंग्लंड हादरलं. १८३३मध्ये ब्रिटिश संसदेनं गुलामी बंद करण्याचा कायदा केला आणि १ ऑगस्ट १८३८ला पूर्ण मुक्ती मिळाली. ज्यांना मालकाच्या मेजवानीत फक्त राबायचं असे, त्यांच्या वारसांनी आज दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला केकचा तुकडा द्यावा, यात केनवडच्या आसपासच्या कोणत्याही वस्तीला आपली गोष्ट दिसेल. हिरावून घेतलेली माणुसकी परत मिळाल्यावर माणूस पहिल्यांदा दुसऱ्याला जेवू घालतो.

खर्चाचा प्रश्न

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : पोटाला नीट मिळत नाही आणि सणावर एवढा खर्च कशाला? अर्थशास्त्रज्ञांनीही हा प्रश्न तपासला आहे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यातली अत्यंत गरीब कुटुंबं होती. त्यांतली ९९ टक्क्यांहून अधिक कुटुंबं लग्न, मर्तिक किंवा सणावर खर्च करत होती, आणि मधल्या पातळीवरच्या कुटुंबाच्या वर्षाच्या खर्चातला सुमारे १० टक्के वाटा सणांवर जात होता. पुढे २०१९मध्ये नोबेल मिळालेल्या या दोघांनी गरिबांना अडाणी ठरवलं नाही. गरीब माणूसही विचार करूनच खर्च करतो आणि त्याच्या लेखी पोट भरणं ही एकच गरज नसते, हे त्यांनी दाखवलं.

वस्तीत तर याचा लाभ डोळ्यांना दिसतो. जयंतीत एकत्र राबलेली माणसंच पुढे कोणाच्या घरी आजारपण आलं की दवाखान्यात धावतात, मुलीच्या लग्नाला भांडी देतात, बाळंतिणीला रक्त देतात. २०२०मध्ये टाळेबंदीत मिरवणुका निघाल्या नाहीत तेव्हा ठिकठिकाणच्या समित्यांनी जयंतीचा पैसा धान्याच्या किटकडे वळवला. वर्गणी गोळा करायची, हिशेब ठेवायचा, हजार माणसांचा स्वयंपाक करायचा, ही सगळी सवय त्यांना आधीपासून होतीच.

तरीही आक्षेपातला खरा भाग झटकून टाकू नये. वऱ्हाडातल्याच शेंडगावचे गाडगेबाबा आयुष्यभर सांगत राहिले की कर्ज काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला. या बाबांनीच १९४९मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. गरिबाचं दान शेवटी शिक्षणाकडे गेलं पाहिजे, यावर दोघांचं एकमत होतं. म्हणून मायक्रोफायनान्सचं कर्ज काढून नवे कपडे घेणं किंवा वर्गणीतला मोठा वाटा कानठळ्या बसवणाऱ्या डीजेवर घालवणं, याबद्दल वस्तीतल्याच जाणत्या बाया आणि शिकलेली मुलं बोलतात, आणि ते बोलणं ऐकलं पाहिजे. बदलही होतो आहे. अनेक ठिकाणी जयंतीनिमित्त सलग १८ तास अभ्यासाचे उपक्रम होतात, रक्तदान शिबिरं होतात, हारांऐवजी वही-पेन आणा असं आवाहन केलं जातं.

यात एक पाऊल आणखी टाकता येईल. विसाव्या हिश्शाचं आवाहन व्यक्तीला होतं, तसं ते समितीनंही पाळावं. एखाद्या गावात लाखभर वर्गणी जमली तर तिचा विसावा हिस्सा होतो पाच हजार रुपये. एवढ्यात विहारातल्या अभ्यासिकेसाठी स्पर्धा परीक्षांची पुस्तकं येतात, किंवा तालुक्याला कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीचा एसटीचा पास निघतो. पंगत तशीच राहावी, पताका तशाच लागाव्यात, घरंही निळ्या झाकेच्या चुन्यानं रंगावीत, यातलं काहीच वाया जात नाही. फक्त माइकवरून वाचल्या जाणाऱ्या यादीत जमेच्या बाजूनंतर खर्चाची बाजूही वाचली जावी, आणि त्यात दर वर्षी अभ्यासिकेच्या नावानं एक ओळ असावी. १९५६मध्ये नागपूरला अंगावरचं किडूकमिडूक मोडून गेलेल्या माणसांनी जे सुरू केलं, ते पुढे नेण्याची ऐपत आज त्यांच्या नातवंडांत नक्कीच आहे.